घरासाठी इन्व्हर्टर जनरेटर: कोणाला उपयोगी, किती मोठा आणि ठेवायचा कुठे?

केवडा | १८ मे, रात्री ९:१०

पावसाळा तोंडावर आला की जनरेटरबद्दल विचारणा सुरू होते. मागच्या वर्षीपासून विपूमध्ये (विचारपुशीत) इतक्या जणांना तेच तेच लिहून पाठवलंय की आता सगळं एका जागी लिहून ठेवते.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. रायगडसोबत आमच्या दापोली-मंडणगडकडचेही विजेचे खांब आडवे झाले. आमच्या वाडीत वीज यायला कित्येक आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं, तेव्हाही तीच गत. गावच्या घरी आई-बाबा दोघंच. बाबांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पाणी विहिरीवरच्या पंपाने टाकीत. बॅटरीवाला इन्व्हर्टर होता, पण तो चार-पाच तासांच्या खोळंब्यासाठी असतो. वीज दुसऱ्या दिवशीही आली नाही तर बॅटरी भरणार कशावर? तौक्तेनंतर आम्ही इन्व्हर्टर जनरेटर घेतला.

हे यंत्र म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरचा मोठा भाऊ नव्हे. हा पेट्रोलवर चालणारा जनरेटरच आहे, फक्त वीज तयार करण्याची पद्धत वेगळी.

साध्या पोर्टेबल जनरेटरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांवर विजेची फ्रिक्वेन्सी ठरते. आपल्याकडे ५० हर्ट्झ लागतात, म्हणून इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरत ठेवावं लागतं. घरात दोन दिवे लागले असोत की मिक्सर चालू असो, इंजिन त्याच वेगात. स्कूटर उतारावर असतानाही ॲक्सिलरेटर पिळून धरावा, तसा प्रकार. शिवाय मोटर चालू झाली की इंजिन क्षणभर दबतं, फेऱ्या उतरतात, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही हलतात. दिवे मिचमिचतात ते त्यामुळे.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिन कायम चुंबकाच्या अल्टरनेटरला फिरवून आधी भलत्याच फ्रिक्वेन्सीची एसी वीज बनवतं. ती डीसी होते, आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट त्या डीसीपासून नव्याने २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची शुद्ध साइन वेव्ह (महावितरणच्या विजेसारखी गुळगुळीत लाट) घडवतं. त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या आणि बाहेर पडणारी वीज यांची गाठ सुटते. लोड कमी असेल तर इंजिन हळू फिरतं, लोड आला की वेग घेतं. इको नावाचं बटण असतं ते यासाठीच.

यातून घराला मिळतं काय, तर सगळ्यात आधी आवाज कमी. उदाहरण म्हणून होंडाच्या ईयू२२आय वर्गातल्या यंत्राचे आकडे बघा (अमेरिकेत हेच ईयू२२००आय म्हणून विकलं जातं): ७ मीटरवरून पाव लोडवर साधारण ४८ डेसिबल, पूर्ण लोडवर ५७. साधा उघड्या सांगाड्याचा जनरेटर तेवढ्याच अंतरावर ६५ ते ७५ पर्यंत जातो. निवासी भागासाठी आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे रात्री हाही लावायचा नाहीच. पण संध्याकाळी वाडीतल्या शेजाऱ्यांना त्रास न देता लावता येतो, हा आमच्यासाठी मोठा फरक आहे.

दुसरं वजन. वरचं यंत्र २१ किलोच्या आसपास भरतं, हाताला धरायला मूठ असते. माझी आई एकटी ते उचलत नाही, पण शेजारचा मुलगा एका हाताने आणून ठेवतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानदार ती सांगतच नाहीत. घरातल्या बॅटरी इन्व्हर्टरला ही स्वच्छ वीज पटते. कित्येकांचा अनुभव असा की जनरेटर चालू आहे, पंखे फिरताहेत, पण इन्व्हर्टर चार्जिंगच घेत नाही, सतत बॅटरीवरच. कारण साध्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलत असते आणि इन्व्हर्टर तिला विश्वासार्ह मानत नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असतं. नॉर्मलवर टाकलं की तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज चालवून घेतो. साध्या जनरेटरवर अनेकदा त्यानेही काम भागत नाही. इन्व्हर्टर जनरेटरवर आमचा इन्व्हर्टर दोन्ही मोडमध्ये चार्जिंग घेतो.

आता पेट्रोल. त्याच यंत्राची टाकी ३.६ लिटरची. पाव लोडवर (४५० वॅट) आठ तास, पूर्ण लोडवर (१८०० वॅट) सव्वातीन तासांच्या आसपास. गणित केलं तर पाव लोडवर एका लिटरला साधारण एक युनिट, पूर्ण लोडवर दीड युनिटाच्या थोडं वर. पेट्रोल १०४-१०५ रुपये धरा. म्हणजे एक युनिट ६५ ते १०५ रुपयांना पडतं. ही वीज स्वस्त नाही, कधीच नसेल. बचत आहे ती ताशी लिटरची: पाव लोडवर तासाला अर्ध्या लिटरहून कमी जळतं, साधा जनरेटर त्याच लोडवर बराच जास्त पितो.

आमची पद्धत अशी. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास. त्या वेळात पंप, फ्रीज, मिक्सर, मोबाइल आणि जोडीला बॅटरीचं चार्जिंग. रात्रभर पंखे-दिवे बॅटरीवर. सरासरी ७०० वॅट धरले तर दिवसाला तीन लिटरच्या आत भागतं, म्हणजे सुमारे ३०० रुपये. फ्रीज मधल्या वेळात उघडायचा नाही, गारवा टिकतो.

इथे एक गैरसमज दूर करते. जनरेटर तीन तास चालवला की बॅटरी फुल्ल, असं होत नाही. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घरगुती इन्व्हर्टर १०-१५ अँपिअरने भरतो. तीन तासांत जेमतेम पाव भरते. म्हणून रात्री पंखे कमी वॅटचे हवेत. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी तीसेक. आधी ते बदला, मग जनरेटरच्या दुकानात जा.

प्रश्न असतील तर इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

---

तिरफळ | १८ मे, रात्री १०:०२

वाचनखूण साठवली. केवडाताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आमचं घर राजापूरजवळ, भावाचं कुटुंब राहतं तिथे.

दोन शंका. बाजारात ‘सायलेंट जनरेटर’ म्हणून जे मिळतात ते हेच का? किंमत बरीच कमी सांगतात. आणि आमचा पंप १ एचपीचा आहे, तो २ केव्हीएवर (म्हणजे तुम्ही वर सांगितलेल्या आकाराच्या जनरेटरवर) चालेल ना?

---

केवडा | १८ मे, रात्री १०:४०

तिरफळ, सायलेंट म्हणजे इन्व्हर्टर नव्हे. पुष्कळदा तो साधा ३००० फेऱ्यांचाच जनरेटर असतो, वरून पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा चढवलेला. आवाज थोडा दबतो, पण पेट्रोल आणि विजेची प्रत साध्याचीच. उलटही असतं: आतून इन्व्हर्टर पण सांगाडा उघडा, त्याची वीज चांगली पण आवाज बऱ्यापैकी. दुकानात एकच प्रश्न विचारायचा, इको थ्रॉटल आहे का? असेल तर चालू करायला लावा आणि एक दिवा व मग इस्त्री लावून बघा. इंजिनाचा सूर बदलला पाहिजे. एकाच सुरात ओरडत राहिला तर परत फिरा.

स्टिकरवरचा आवाजाचा आकडाही नीट बघा. पेट्रोल-केरोसीनच्या जनरेटरला आपल्या सरकारी नियमात ८६ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ध्वनिशक्तीची, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण आवाजाची आहे. माहितीपत्रकात बहुधा ७ मीटरवरचा आकडा असतो. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा एकाच प्रकारचा आकडा घ्या.

पंपाबद्दल: १ एचपी २ केव्हीएवर सहसा उठत नाही. मोटर सुरू होताना नेहमी चालतानाच्या करंटच्या चार-पाच पट ओढते. १ एचपीचा पंप चालताना ११०० वॅटच्या आसपास घेतो, पण सुरुवातीच्या क्षणी त्याची भूक ३००० च्या वर जाते. इन्व्हर्टर जनरेटर तेवढं देत नाही. ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि वीज तोडतो. साधा जनरेटर तो झटका दबून का होईना सोसतो, हा त्याचा एक खरा फायदा आहे.

---

वीजतंत्री | १९ मे, सकाळी ७:१५

लेख उत्तम आणि आकडे बरोबर आहेत. आयुष्य लाइनवर काम करण्यात गेलं, त्यामुळे दोन शब्द जोडणीबद्दल. यात चूक झाली तर माणूस जातो.

जनरेटर आणला की लोक काय करतात, दोन्ही टोकांना टॉप असलेली वायर बनवतात. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगमध्ये. घर उजळतं. पण मेन स्विच पाडायचं राहिलं तर तीच वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, डीपीवर चढते, आणि तिथला ट्रान्सफॉर्मर तिला ११,००० व्होल्टपर्यंत नेऊ शकतो. वर खांबावर आमचा माणूस लाइन बंद आहे असं समजून काम करत असतो. मेन आठवणीने पाडतो म्हणणारेही रात्री पावसात, घाईत विसरतात. शिवाय त्या वायरचं एक टोक निघालं तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात आणि घरात लहान मुलं असतात.

उपाय साधा आणि स्वस्त: चेंजओव्हर स्विच. मीटरनंतर बसवायचा. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. तो डबल पोलचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. परवाना असलेल्या वायरमनकडूनच बसवून घ्या.

आणखी एक. लहान जनरेटरचा न्यूट्रल बहुधा कशालाच बांधलेला नसतो. त्यामुळे टेस्टर लावलात तर दोन्ही तारांना मंद पेटतो. घाबरू नका, यंत्र बिघडलेलं नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की घरातला आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) जनरेटरवर असताना नेहमीसारखं रक्षण करेलच असं नाही. न्यूट्रल अर्थला बांधायचा की नाही ते यंत्राच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते वायरमनला दाखवा, अंदाजाने बांधू देऊ नका.

छतावर सोलर असेल तर वायरमनला ते आधी सांगा. ऑनग्रिड सोलरचा इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की आपोआप बंद होतो. जनरेटरची स्वच्छ वीज मिळाली तर तो ग्रिड आली असं समजून त्याच्याशी जुळू शकतो आणि पॅनेलची वीज जनरेटरमध्ये ढकलू लागतो. जनरेटर खलास. म्हणून सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूलाच राहिली पाहिजे.

---

घाटमाथा | १९ मे, सकाळी ११:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. २०२६ च्या आसपास कोणी नव्याने खर्च करणार असेल तर पेट्रोलवर का करावा? लिथियम बॅटरी आणि हायब्रिड सोलर घ्या. आवाज नाही, धूर नाही, कॅन वाहणं नाही, तेल बदलणं नाही. आमच्याकडे (कोल्हापूर) दोन-तीन तासांचे खोळंबे असतात आणि ते बॅटरीवर सहज निघतात. जनरेटर वर्षातले अकरा महिने धूळ खातो आणि नेमका गरजेच्या दिवशी चालू होत नाही. तोच पैसा वर्षभर वीज देणाऱ्या गोष्टीत घातलेला बरा.

---

कुळागर | १९ मे, दुपारी १:०५

घाटमाथा, तुमचं म्हणणं दोन-तीन तासांच्या खोळंब्यासाठी शंभर टक्के पटलं. तिथे जनरेटर घेऊच नये.

आम्ही फोंड्याजवळ. जून-जुलैत आठ-आठ दिवस सूर्य नीट दिसत नाही, वरून माड-पोफळींची सावली. त्या दिवसांत पॅनेलचं उत्पादन उन्हाळ्याच्या मानाने फारच उतरतं, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते कारण फांदी तारेवर पडते. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी तिला कुठूनतरी भरावं लागतं. चतुर्थीला घरात वीस माणसं असतात, तेव्हा लाइट गेली की पाण्यापासून सगळं अडतं. आमच्याकडे सोलर आहे आणि लहान इन्व्हर्टर जनरेटरही. जनरेटर क्वचितच लागतो, पण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसरं काही चालत नाही.

---

केवडा | १९ मे, दुपारी २:२०

कुळागर यांना अनुमोदन. घाटमाथा, वाद नाहीच. मी क्रम असा लावीन: आधी बीएलडीसी पंखे आणि चांगली बॅटरी, मग जमलं तर सोलर, आणि ज्यांची वीज सलग दिवसभराहून जास्त जाते त्यांनीच जनरेटर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर विचारही करू नये, बाल्कनीत हे यंत्र चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन वेळचे चार-पाच तास देणारा लहान जनरेटर आणि रात्र काढणारी बॅटरी, या जोडीने पैसा वाचतो. एकट्या जनरेटरवर घर चालवायला गेलात तर दुप्पट मोठा घ्यावा लागतो आणि तो रात्रभर जळत राहतो.

गरजेच्या दिवशी चालू न होण्याबद्दल मात्र घाटमाथा यांचा मुद्दा अगदी खरा आहे. त्यावर कोणी जाणकाराने लिहावं.

---

ह्यूस्टनवासी | १९ मे, रात्री ८:४५ (भारतातली)

केवडाताईंनी बाल्कनीचं लिहिलं म्हणून थांबून लिहितेय, कारण धुराबद्दल इथे अजून पुरेसं आलेलं नाही.

आमच्या भागात ८ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ आलं, वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि भर उन्हाळ्यात कित्येकांना आठवडाभर एसीशिवाय काढावा लागला. आमच्या गल्लीत घरोघरी जनरेटर होते, त्यामुळे साधा आणि इन्व्हर्टर यांतला फरक कानांनी कळला. पण प्रत्येक वादळानंतर इथे बातम्या येतात त्या कार्बन मोनॉक्साइडच्या. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये हजारावर लोकांना या वायूच्या बाधेमुळे दवाखान्यात जावं लागलं. बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या गाड्या, घरात पेटवलेले कोळसे आणि जनरेटर, ही कारणं. माणसं दगावली, त्यात मुलंही होती.

या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दमलोय. इन्व्हर्टर जनरेटर शांत असतो म्हणून लोक तो घराच्या जास्त जवळ आणतात, हा धोका मला त्याच्या गुणातूनच आलेला वाटतो. आवाज कमी म्हणजे धूर कमी विषारी, असं मुळीच नाही.

नियम इथे सगळीकडे एकच सांगतात: घरापासून किमान २० फूट दूर, धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला, जवळच्या खिडक्या-दारं बंद. गॅरेज, तळघर, व्हरांडा, पोर्च काही चालत नाही, दार उघडं ठेवूनही नाही. हल्ली इथल्या नव्या मॉडेलांत सेन्सर असतो, वायू वाढला की इंजिन आपोआप बंद होतं. भारतात घेताना तो आहे का विचारा. घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा.

आणि आधीच सांगते, कारण माझ्या भावाने विचारलं होतं: इथून आणता येईल का? नाही. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. शिवाय एकदा पेट्रोल भरलेलं इंजिन विमानात सामान म्हणून घेत नाहीत.

---

केवडा | १९ मे, रात्री ९:३०

खूप आभार, ह्यूस्टनवासी. कोकणासाठी यात एक भर. पाऊस आडवा येतो म्हणून लोक जनरेटर पडवीत ठेवतात. पडवी घरालाच चिकटलेली, वर कौलं, आणि माजघराचं दार तिच्यातच उघडतं. धूर सरळ आत. आम्ही अंगणाच्या पलीकडे, गोठ्यापासूनही लांब, पत्र्याची छोटी शेड केली आहे: चार खांब, तीन बाजू उघड्या, पावसाच्या बाजूला एक आडोसा, खाली वीतभर उंच जोतं म्हणजे पाणी साचत नाही. तिथून घरापर्यंत जाड वायर पीव्हीसी पाइपमधून आणलेली. २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर २ केव्हीएला तेवढ्या अंतरासाठी पुरते. यंत्र एरवी घरात असतं, गरज लागली की शेडमध्ये नेतात.

---

सदाफुली | २० मे, सकाळी १०:१०

माझा प्रश्न फ्लॅटचाच आहे. सासूबाईंना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, ५ लिटरचा. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाला आहे. जनरेटर ठेवता येत नाही तर काय करावं? रात्री वीज गेली की माझ्या पोटात गोळा येतो.

---

वीजतंत्री | २० मे, सकाळी ११:००

सदाफुली, काळजी समजते. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट घेतो. १५० एएचच्या एका बॅटरीवर, बाकी काही न लावता, तीन तासांच्या आसपास चालेल. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतलात तर त्याच्या दुप्पट. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच पाहिजे. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसरची मोटर तापते. या यंत्रासाठी वेगळं सर्किट काढून घ्या, म्हणजे टीव्ही-पंखे बॅटरी संपवणार नाहीत.

सोसायटीला अर्ज करा की तुमच्या घरातला एक पॉइंट सामाईक जनरेटरवर द्यावा. साडेतीनशे वॅट त्या यंत्राला जाणवणारही नाहीत. वैद्यकीय कारण लेखी दिलं की समित्या सहसा नाही म्हणत नाहीत. आणि डॉक्टरांना विचारून एक भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर जोडून, घरात तयार ठेवा. यंत्र बंद पडलं तर तोच कामाला येतो.

---

सदाफुली | २० मे, सकाळी ११:२५

काका, मनापासून धन्यवाद. अर्ज आजच देते. सिलिंडर आहे, पण रेग्युलेटर कपाटात होता. आत्ता जोडून घेतला.

---

जुना_मिस्त्री | २० मे, रात्री ९:५०

केवडाताईंनी जाणकाराला हाक मारली आहे म्हणून लिहितो. लहान इंजिनांचं काम करतो. भारनियमनाच्या काळात, २००५ च्या पुढे, दुकानोदुकानी पेट्रोलवर चालू करून केरोसीनवर नेण्याचे जनरेटर होते, ते शेकड्यांनी उघडले. आता इन्व्हर्टरवाले येतात. दहांतले बहुतेक एकाच तक्रारीचे: चालू होत नाही. आणि कारणही एकच, कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं जुनं पेट्रोल.

आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, कोकणात तर विचारूच नका. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि कार्ब्युरेटर नेमकं तळातलंच घेतो. उघडल्यावर वाटीत हिरवट-पांढरा थर दिसतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजलेलं असतं. साफ करून देतो, पण पुन्हा तसंच ठेवलं तर पुन्हा तेच.

म्हणून ठेवताना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते. काही मॉडेलांत बटणावरच तशी सोय असते. जास्त दिवस ठेवायचं तर टाकीही रिकामी करा. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, आणि रिकामं नको, दोन-तीन पंखे नि इस्त्री लावून. नुसतं इकोवर फुरफुरत ठेवलं तर स्पार्क प्लगवर काजळी धरते.

ऑइल पहिल्या वीसेक तासांनंतर बदला, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. या इंजिनात ऑइल मावतं अर्धा लिटरही नाही, म्हणून कमी झालेलं परवडत नाही. पातळी उतरली की सेन्सर इंजिन बंद करतो. मध्येच बंद पडून परत चालूच होत नसेल तर दोरी ओढत बसण्याआधी ऑइल बघा.

पेट्रोल साठवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण ते धातूच्या, घट्ट बुचाच्या डब्यात पाहिजे, आणि एक डबा २५ लिटरहून मोठा नको. पाण्याच्या बाटल्या आणि प्लॅस्टिकचे कॅन चालत नाहीत. दर महिन्याला साठवलेलं पेट्रोल स्कूटरमध्ये ओतून संपवा आणि नवीन भरा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. बंद करा, पंधरा मिनिटं निवू द्या.

एक उणी बाजूही सांगतो. साध्या जनरेटरचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) गेला तर थोडक्यात बदलून होतो. यात इन्व्हर्टरचा मॉड्यूल गेला तर खर्च मोठा आणि पार्टची वाट पाहावी लागते. म्हणून ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे तोच घ्या. मुळात किंमत साध्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, त्यात पार्ट मिळाला नाही तर सगळंच पाण्यात.

---

घाटमाथा | २० मे, रात्री १०:३०

जुना_मिस्त्री, प्रतिसाद आवडला. सासुरवाडीला वेंगुर्ल्यात एक बंद पडून आहे, तुम्ही म्हणता तीच गोष्ट असणार. पुढच्या आठवड्यात तिकडे जातोय, वाटी उघडायला लावतो.

---

तिरफळ | २१ मे, सकाळी ८:००

भावाशी बोललो. विहीर फार खोल नाही, पाणी वर चढवायचं ते टाकीपर्यंत, साधारण २५ फूट. पंप बदलून अर्धा एचपीचा घ्यावा की ३ केव्हीएचा जनरेटर? दोन लहान जनरेटर जोडता येतात असंही ऐकलं.

---

केवडा | २१ मे, सकाळी ९:१५

पंप बदला. ३ केव्हीएच्या वर्गातले काही इन्व्हर्टर जनरेटर ६० किलोच्या घरात जातात. चाकं असली तरी चिखलातून कोण ओढणार? आणि त्यावरही १ एचपी उठेलच याची हमी नाही. दोन लहान यंत्रं पॅरलल केबलने जोडता येतात हे खरं, पण एकाच कंपनीची, त्यासाठीच बनवलेली. पाहिजे तर पुढे दुसरं घ्या, तो या प्रकाराचा एक चांगला गुण आहे.

अर्ध्या एचपीचा पंप चालताना ५५० ते ६५० वॅट घेतो. सुरू करताना क्रम पाळा: इको बंद, फ्रीज बंद, बॅटरी इन्व्हर्टरचा प्लग काढलेला. पंप उचलला की दोन मिनिटांनी फ्रीज, मग इन्व्हर्टर, मग इको चालू. आईसाठी हा क्रम मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चेंजओव्हरशेजारी लावलाय. गीझर, इंडक्शन शेगडी, इस्त्री या वेळी अजिबात नाही. पंपाचा कपॅसिटर जुना असेल तर तोही बदला, मोटर उचलायला त्रास देते ती बऱ्याचदा त्याच्यामुळे.

---

वीजतंत्री | २१ मे, सकाळी ९:४०

सहमत. तिरफळ, पंप घेण्याआधी सध्याच्या १ एचपीवर क्लॅम्प मीटर लावून सुरुवातीचा करंट मोजून घ्या, मीटर इनरश (तो सुरुवातीचा झटका) पकडणारा असावा. चेंजओव्हर ३२ अँपिअर, डबल पोल. हे काम ७ जूनच्या आत उरका. पाऊस लागला की राजापूर भागात वायरमन मिळत नाही, सगळे लाइनवर असतात.

---

तिरफळ | २१ मे, सकाळी १०:०५

ठरलं. अर्धा एचपी, २ केव्हीए, चेंजओव्हर. वायरमनला शनिवारी बोलावलंय. शेडची जागा विहिरीच्या बाजूला आहे, घरापासून तीसेक फूट. वायर २.५ चीच घेऊ ना, की ४?

---

वीजतंत्री | २१ मे, सकाळी १०:२०

२.५ पुरेल. पुढे दुसरा जनरेटर जोडायचा विचार असेल तर आत्ताच ४ टाका, पाइप पुन्हा उकरावा लागणार नाही.